घरच्या लेथसाठी परवडणारा क्विक-चेंज टूलपोस्ट कसा निवडावा

माझ्या लेथशेजारी श्रीखंडाचा एक रिकामा डबा असायचा. त्यात सगळं पॅकिंग: हॅकसॉ ब्लेडचे मोडके तुकडे, पितळी पत्र्याच्या पट्ट्या, लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे कपटे. टूल बदललं की डबा उघडायचा, दोन पट्ट्या खाली सरकवायच्या, बोल्ट आवळायचे, टेलस्टॉकच्या सेंटरशी, म्हणजे स्पिंडलच्या मध्यरेषेशी, टुलाचं टोक जुळतंय का बघायचं, आणि नाही जुळलं की पुन्हा सगळं सैल. एक साधा बुश करायचा म्हटला तरी टर्निंगचं टूल, बोअरिंग बार, चॅम्फरचं टूल आणि शेवटी पार्टिंग, म्हणजे तयार भाग कापून वेगळा करणं. म्हणजे एका बुशसाठी चार वेळा हीच खटपट. रविवारची सकाळ त्यातच जायची.

टूलपोस्ट म्हणजे लेथवर टूल धरून ठेवणारा भाग, आणि क्विक-चेंज टूलपोस्ट ही खटपट संपवतो. प्रत्येक टूलला स्वतःचा होल्डर मिळतो, त्या होल्डरवर उंचीचा स्क्रू असतो, तो एकदा लावून ठेवला की टूल प्रत्येक वेळी त्याच उंचीला येऊन बसतं. होल्डर वरून सरकवायचा, हँडल फिरवायचं, झालं. पण बाजारात आकार, प्रकार आणि नावं इतकी आहेत की नवखा माणूस चुकीचा घेतो. मीही एकदा विक्रेत्याच्या सांगण्यावर विसंबून घेतला आणि पहिल्याच दिवशी १० मिमीचं टूल सेंटरच्या वर राहिलं. म्हणून हा लेख. १८० मिमी स्विंगच्या (बेडवरून फिरू शकणारा सर्वांत मोठा व्यास) छोट्या बेंच लेथपासून साडेचार फुटी बेल्ट ड्राइव्ह लेथपर्यंत, घरी किंवा घराशेजारच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांसाठी.

आधी ठरवा: खरंच हवा आहे का?

तुमच्या लेथवरचा चौकोनी, चार टुलांचा पोस्ट टाकाऊ नाही. एकाच प्रकारचे पन्नास नग काढायचे असतील तर चार बाजूंना चार टूल्स लावून तो झकास चालतो, आणि मजबुतीत तो बहुतेक क्विक-चेंज पोस्टपेक्षा सरसच असतो, कारण टूल थेट कंपाउंडच्या (टूलपोस्टखालच्या छोट्या स्लाइडच्या) डोक्यावर बसतं. क्विक-चेंजमध्ये होल्डर पोस्टच्या बाहेर लटकतो, टूल आणखी बाहेर जातं. तेवढी लवचीकता आपण सोयीसाठी पत्करतो.

पैसे घालायचे नसतील तर एक बिनखर्ची उपाय आहे. प्रत्येक टूलला त्याचं नेमकं पॅकिंग शोधून ते टुलाच्या बुडाला पातळ चिकटपट्टीने कायमचं बांधून टाका. टूल आणि पॅकिंग एक जोडी. माझी निम्मी कटकट या एका सवयीने गेली होती. त्यानंतरही आठवड्याला दहा-बारा वेळा टूल बदलावं लागत असेल, तर पुढे वाचा.

पहिलं काम: एक माप घ्या

प्रकार, कंपनी, किंमत हे सगळं नंतर. आधी कंपाउंडच्या वरच्या सपाट पृष्ठापासून स्पिंडलच्या मध्यरेषेपर्यंतची उंची मोजा. याच आकड्यावर पोस्ट बसेल की नाही ते ठरतं.

जुना पोस्ट काढा. चकमध्ये २० मिमीचा ब्राइट बार धरा, तो चकबाहेर ४०-५० मिमी येऊ द्या. कंपाउंड त्याच्या खाली सरकवा. बारच्या तळापासून कंपाउंडच्या पृष्ठापर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजा, त्यात बारचा निम्मा व्यास मिळवा. माझ्या लेथवर अंतर आलं १४.८ मिमी, अधिक १० म्हणजे २४.८ मिमी. चकचा दशांश मिमीचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) इथे हिशेबात धरायची गरज नाही. कंपाउंडवर मधोमध उंचवटा किंवा इंडेक्सिंगची पिन असेल तर तिचीही उंची लिहून ठेवा, बसवताना लागेल.

आता विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: होल्डरच्या बुडापासून टुलाच्या खाचेच्या तळापर्यंतची जाडी किती? त्यात टुलाच्या शँकची, म्हणजे होल्डरमध्ये धरायच्या दांड्याची, उंची मिळवा. ही बेरीज तुमच्या आकड्यापेक्षा कमी यायला हवी. होल्डर वर उचलता येतो, पण कंपाउंडच्या आत तो घुसवता येत नाही.

माझ्या चुकलेल्या खरेदीचा हिशेब असा: होल्डरचा तळ १६ मिमी, टूल १० मिमी, बेरीज २६. मला २४.८ हवे. टूल १.२ मिमी वर. ८ मिमीची टूल्स वापरली तर बेरीज २४, म्हणजे ०.८ मिमी उचलून सेंटरला येतात. त्या पोस्टवर मग मी ८ मिमीच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) टुलांवरच काम केलं. नंतर घेतलेल्या छोट्या पोस्टचा होल्डर १२ मिमी तळाचा आहे. १० मिमीच्या टुलासकट २२, वर २.८ मिमी मोकळीक. इतकी मोकळीक असली की टुलाचं टोक थोडं उंच असलं तरी ते सेंटरला आणता येतं.

काही जण सांगतील की छोट्या लेथचं कंपाउंड अरुंद असतं, होल्डर त्याच्या कडेबाहेर लटकतो, त्यामुळे तो पृष्ठाच्याही खाली उतरू शकतो. उतरतो, खरं आहे. पण पोस्ट थोडा तिरका फिरवला की होल्डरचं बूड कंपाउंडवर आपटतं. त्या भरवशावर खरेदी करू नका.

दुसरी बाजूही तपासा. लेथ मोठा आणि पोस्ट छोटा असेल तर होल्डर खूप वर उचलावा लागतो, डव्हटेलचा (होल्डर पोस्टला अडकवणाऱ्या तिरक्या कडांच्या खाचेचा) अर्धाच भाग पकडीत राहतो आणि टूल थरथरतं. अशा वेळी पोस्टखाली जाड, सपाट, दोन्ही बाजूंनी समांतर केलेली लोखंडी प्लेट घाला.

आकारांची नावं आणि त्यातला एक सापळा

सर्वाधिक मिळणारी मापं अमेरिकेतल्या अलोरिस कंपनीच्या पद्धतीची आहेत. तिच्या नकला चीनमध्ये आणि आपल्याकडेही बनतात. लेथच्या स्विंगनुसार साधारण वाटणी अशी: ओएक्सए सुमारे ८ इंचापर्यंत, एएक्सए ९ ते १२ इंच, बीएक्सए १० ते १५ इंच, सीएक्सए १३ ते १८ इंच. चिनी पेट्यांवर हेच २५०-१०० (एएक्सए, पिस्टन), २५०-१११ (एएक्सए, वेज), २५०-२०० आणि २५०-२२२ (बीएक्सए, त्याच क्रमाने) असे आकडे दिसतात; पिस्टन आणि वेज म्हणजे काय ते पुढे येतं.

सापळा हा: अमेरिकी तक्त्यात ‘स्विंग’ म्हणजे बेडवरून फिरू शकणारा सर्वांत मोठा व्यास. आपल्याकडे लेथ बेडच्या फुटांवर आणि सेंटर हाइटवर विकला जातो. स्विंग म्हणजे सेंटर हाइटच्या दुप्पट. दुकानदार ‘सहा इंची’ म्हणाला की तो सेंटर हाइट सांगतोय, म्हणजे तक्त्यात १२ इंच. हा दुपटीचा घोळ झाला की माणूस साडेचार फुटी लेथसाठी ओएक्सए मागवतो आणि पार्सल उघडल्यावर खेळण्यासारखा पोस्ट हातात येतो. जुना ब्रिटिश मायफोर्ड कुणाकडे असेल तर त्याची सेंटर हाइट साडेतीन इंच, स्विंग ७ इंच.

तरीही तक्ता फक्त पहिली चाळणी. एकाच स्विंगच्या दोन लेथांवर कंपाउंडची जाडी वेगळी असू शकते. शेवटचा शब्द वरच्या मापाचा.

वेज की पिस्टन?

पिस्टन प्रकारात हँडल फिरवलं की आतली कॅम एक दट्ट्या बाहेर ढकलते, तो होल्डरला रेटतो आणि होल्डर डव्हटेलच्या तिरक्या कडांवर घट्ट बसतो. दाब एका जागी येतो. वेज प्रकारात हँडल एक तिरकी पाचर वरखाली सरकवतं. ती डव्हटेलच्या लांबीभर होल्डर ओढून पोस्टच्या अंगाशी भिडवते. दाब लांबीभर पसरतो, होल्डर काढून घातला तरी टूल जवळजवळ त्याच जागी परत येतं. वेज महाग असतो.

माझं मत: बजेटमध्ये बसत असेल तर वेज. बसत नसेल तर चांगला घडलेला पिस्टन घ्या आणि वाचलेल्या पैशात होल्डर घ्या. घरच्या लेथवर आपण खोल काप घेत नाही, न मोजता, डायलच्या आकड्यावर विसंबून दोन शतांश मिमीत काम सोडत नाही. शेवटचा काप मोजूनच घेतो. त्यामुळे पिस्टनच्या पोस्टवर अचूक काम होत नाही ही समजूत चुकीची आहे. ढिला, खरखरीत घडवलेला वेज हा व्यवस्थित घडवलेल्या पिस्टनपेक्षा वाईट.

अ‍ॅल्युमिनियमचे छोटे पोस्ट सर्वांत स्वस्त मिळतात. प्लास्टिक, पितळ, अ‍ॅल्युमिनियम कापायला चालतात. एमएसमध्ये (साध्या पोलादात) पार्टिंग करायचं असेल तर पोलादीच घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या होल्डरमध्ये टूल आवळणाऱ्या स्क्रूंचे आटे वारंवार आवळून खराब होतात, हे मी पाहिलेलं आहे.

मल्टिफिक्स ही स्विस पद्धत याहून देखणी: पोस्टच्या भोवती दाते, होल्डर ४० कोनांत बसतो, प्रत्येक टप्पा ९ अंशांचा. पोस्ट न हलवता टुलाचा कोन बदलता येतो आणि परत तंतोतंत येतो. पण होल्डर महाग आणि इथे सहज मिळत नाहीत. डिक्सन ही ब्रिटिश पद्धत, मायफोर्डवाल्यांची आवडती. स्वस्त नकलांमध्ये तिच्या पोस्टचे आणि होल्डरचे माप एकमेकांशी जुळत नाही अशी तक्रार असते, म्हणून डिक्सन घ्यायचा तर हाताळूनच घ्या.

हातात घेऊन काय बघायचं

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी, कोल्हापुरात उद्यमनगर. अशा ठिकाणी जाऊन वस्तू हाताळता आली तर उत्तम. ऑनलाइन मागवली तर परत करायची मुदत संपण्याआधी हेच करा.

होल्डर पोस्टवर सरकवा. तो स्वतःच्या वजनाने सावकाश उतरला पाहिजे. अडखळला तर कडेला बर (धातूची उरलेली बारीक धार) असेल, बारीक कानसेने निघते. घट्ट करण्याआधी तो आडवा हलवून बघा, खडखडाट नको. हँडल आवळल्यावर ते कुठे थांबतं ते नीट बघा, कारण इथेच पुढे रोजचा त्रास असतो: प्रत्येक होल्डरला हँडल साधारण एकाच कोनात थांबलं पाहिजे. एका होल्डरला पाव फेरा आणि दुसऱ्याला अर्धा लागत असेल तर होल्डरांची मापं एकसारखी नाहीत, आणि एखाद्या होल्डरला हँडल चकच्या बाजूला येऊन थांबेल. फिरत्या चकच्या जबड्यांजवळ हँडल असणं धोक्याचं आहे.

टुलाच्या खाचेचा तळ बोटाने चाचपा. तो सपाट हवा, मध्ये फुगलेला नको. पोस्टचं बूड काचेवर ठेवून डगमगतं का बघा. उंचीच्या स्क्रूचा लॉकनट हाताने आवळून बघा. तो सैल राहिला तर एकदा लावलेली उंची कामाच्या थरथरीत सरकते आणि सगळा उद्देशच फसतो.

पैसे होल्डरमध्ये घाला

सेटमध्ये साधारण पाच होल्डर येतात. त्यातला १ नंबरचा टर्निंग आणि फेसिंगसाठी (कामाचं तोंड सपाट करण्यासाठी), २ नंबरच्या खाचेत व्ही आकाराचा चर असतो, त्यामुळे गोल बोअरिंग बारही धरता येतो, ४ नंबरचा जाड बोअरिंग बारसाठी, ७ नंबरचा पार्टिंग ब्लेडसाठी, १० नंबरचा नर्लिंगसाठी, म्हणजे पकडीसाठी खरखरीत नक्षी उठवायला.

प्रत्यक्षात महिन्याभरात लक्षात येतं की १ आणि २ नंबरचे होल्डर कमी पडतात. उजवं टूल, डावं टूल, गोल नाकाचं फिनिशिंगचं, आट्यांचं, चॅम्फरचं, एक कार्बाइड इन्सर्टचं, वर बोअरिंग बार. टूल होल्डरमधून काढायला लागलात की पुन्हा उंची लावणं आलं, मग क्विक-चेंज घेऊन काय मिळालं? म्हणून मोठ्या किमतीचा पोस्ट आणि पाच होल्डर यापेक्षा मध्यम पोस्ट आणि दहा होल्डर हा सौदा मला बरा वाटतो. यासाठीच सगळीकडे मिळणारं माप निवडायचं. अनोळखी मापाचा पोस्ट स्वस्तात पडला आणि नंतर त्याला जुळणारे होल्डर मिळाले नाहीत, तर तो महागात पडलेला असतो.

नर्लिंगच्या होल्डरबद्दल सावध राहा. तो नर्ल कामावर एका बाजूने दाबतो, सगळा भार स्पिंडलच्या बेअरिंगवर आणि कंपाउंडवर येतो. छोट्या लेथवर कात्रीसारखा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा नर्लिंग टूल वापरावा. सेटमधला तो होल्डर मी टर्निंगलाच वापरतो. त्याला सामान्य टुलाची खाच असतेच.

बसवणं: इथे घाई नको

टी-स्लॉटवाल्या (उलट्या टी आकाराची खाच असलेल्या) कंपाउंडसाठी सेटबरोबर एक जाड, न घडवलेली टी-नट येते. ती आपल्या स्लॉटच्या मापाने कापून घ्यायची. मिलिंग मशीन नसलं तरी जमतं. नट चार जबड्यांच्या चकमध्ये मधलं आटे असलेलं भोक सेंटरला येईल अशी धरा आणि भोकाभोवती एक गोल मान ठेवून बाकीचं फेस करून खाली न्या. मानेचा व्यास स्लॉटच्या रुंदीपेक्षा किंचित कमी. मान चौकोनी असायची काही गरज नाही, गोल मान त्याच स्लॉटमध्ये सरकते आणि पकडही तितकीच देते. जुना चौकोनी पोस्ट या कामासाठी अजून हाताशी आहे, तो वापरा.

दोन गोष्टी जिवापाड सांभाळा. मानेची उंची स्लॉटच्या ओठापेक्षा अर्धा मिमी कमी हवी. ती कंपाउंडच्या वर डोकावली तर पोस्ट नटवर बसतो, कंपाउंडवर नाही, आणि कितीही आवळला तरी फिरतो. आणि स्टडचं (पोस्ट आवळणाऱ्या उभ्या बोल्टचं) टोक नटच्या खालून बाहेर येता कामा नये. आलं तर ते स्लॉटच्या तळावर टेकतं, वरून नट आवळला की स्टड जॅकसारखा काम करतो आणि टी-नट स्लॉटचे ओठ वर उचलते. कंपाउंड बिडाचं असतं. बीड वाकत नाही, तुटतं. ओळखीच्या एका शेडमध्ये मी असा तुटलेला ओठ हातात घेऊन पाहिलाय, करड्या दाण्यांची ताजी भेग. उपाय सोपा: नटच्या तळाशी शेवटचा आटा सेंटर पंचने दोन-तीन ठिकाणी ठोकून दाबून टाका, स्टड तिथेच अडतो.

ज्या लेथवर पक्का स्टड आहे, तिथे बहुधा पोस्टचं भोक स्टडपेक्षा मोठं निघतं. मोकळं सोडू नका. एमएसचा किंवा पितळेचा एक बुश टर्न करा, बाहेरून पोस्टच्या भोकात आणि आतून स्टडवर हलक्या हाताने सरकेल असा. कंपाउंडवर उंचवटा असेल तर पोस्टचं बूड तेवढं आतून कोरून घ्या किंवा मध्ये भोक असलेली समांतर प्लेट खाली घाला. उंचवटा किंवा पिन कधीही छाटू नका, जुना पोस्ट परत लावायची वेळ येते. प्लेट घालायची ठरवलीत तर तिची जाडी पहिल्या मापातून वजा करायला विसरू नका.

उंची लावणं

प्रत्येक टूल होल्डरमध्ये आवळा, निदान दोन स्क्रू पूर्ण टेकलेले हवेत. टोक शक्य तितकं कमी बाहेर ठेवा. लेथ बंद ठेवून, चकमध्ये गोल बार धरून, सहा इंची पोलादी पट्टी टुलाचं टोक आणि बार यांच्यात हलकेच उभी चिमटा. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल सेंटरला आहे. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर. उंचीचा स्क्रू फिरवा, होल्डर पुन्हा आवळा, पुन्हा बघा.

खरी परीक्षा फेसिंगची. बारचं तोंड मध्यापर्यंत फेस करा. मध्ये काहीच उरलं नाही तर टूल बरोबर सेंटरला. छोटी दांडीसारखी गाठ उरली तर टूल खाली, घासून शंकूसारखं टोक झालं तर वर. इथे जमलं की लॉकनट आवळा आणि होल्डरवर मार्करने टुलाचं नाव लिहा. पार्टिंगचं टूल मात्र दर वेळी तपासा, कारण ते सेंटरच्या खाली गेलं की काम टुलावर चढतं. शिवाय ब्लेड चकच्या तोंडाशी काटकोनात आहे का तेही बघा. क्विक-चेंज पोस्टला स्वतःचं इंडेक्सिंग नसतं, धडकला की नकळत फिरलेला असतो.

आणखी स्वस्तात: स्वतः बनवा

खरेदी जमत नसेल तर नॉर्मन पद्धतीचा पोस्ट घरच्या लेथवरच बनतो. एक गोल उभा खांब, त्यावर बसणारा, एका बाजूने चिरलेला होल्डर, चिमटून धरणारा एक बोल्ट आणि वर उंचीचा स्क्रू. खांब टर्न करायचा, होल्डरच्या ठोकळ्याला त्याच मापाचं बोअर करायचं, हॅकसॉने चीर द्यायची. डव्हटेल नाही, कॅम नाही. होल्डर कोणत्याही कोनात फिरतो, पण कोन दर वेळी नव्याने लावावा लागतो. पहिला होल्डर करायला माझे दोन दिवस गेले, पुढचे एका दुपारी दोन झाले. बोअर आणि खांब यांचं माप सैल झालं तर पकड येत नाही, तेवढं एक काम मायक्रोमीटर लावून करा.

जुना चौकोनी पोस्ट मात्र विकू नका. जाड बारवर खोल, तुटक काप घ्यायचा असतो, कास्टिंगची कडक साल काढायची असते, तेव्हा मी आजही क्विक-चेंज उतरवून तोच लावतो. श्रीखंडाचा डबा तेवढ्यासाठी अजून फळीवर आहे.